तुझ्या बाजूने उघडलेलं पुस्तक

आपा, हे तू वाचलं असतंस तर आधी शेवटची ओळ वाचली असतीस. मग मधे कुठेतरी नजर फिरवून "समजलं" म्हणाली असतीस आणि कागद माझ्याकडे सरकवला असतास. म्हणून सुरुवात कशी करावी याचा मी फार विचार केलेला नाही.

तू गेलीस त्याला महिना होत आला. उर्दू मुलींच्या शाळेवर तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. अकोल्याहून कोणी बाई येणार म्हणतात. तोवर तुझ्या धाकट्या मास्तरणीने सगळे वर्ग एका खोलीत बसवले आहेत. मुली पेरूच्या झाडावर चढतात, कच्चे पेरू तोडतात आणि अर्धे खाऊन आमच्या अंगणात फेकतात. तू असतीस तर भिंतीपलीकडून ओरडली असतीस. मी ओरडत नाही. तुझ्या मुलींवर रागवायचा हक्क मला कोणी दिला?

लोक विचारतात, "बाई, तुमची जोडीदारीण गेली न?" मी हो म्हणते आणि हजेरी घ्यायला लागते. दुसरं काय करणार? रडून पाहिलं एकदा. डोकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी मुलींच्या पाट्या तपासायच्या राहिल्या.

आपली ओळख भांडणातून झाली होती, आठवतं? मी जळगावला नवीन आले होते. जामोदच्या जळगावात मुलींच्या दोन शाळा, एक मराठी, एक उर्दू, आणि मधे एकच भिंत. इकडे माझ्या मुली गळा फाडून बाराखडी म्हणायच्या, तिकडे तुझ्या मुली डोलत डोलत अलिफ-बे. तू बुरखा सावरत दारात आलीस आणि म्हणालीस, "बाई, तुमच्या पोरी जरा हळू वरडतीन काय? माह्या पोरीयच्या तोंडात तुमचा ज्ञ येऊन राह्यला."

मी म्हटलं, "आणि माझ्या पोरी डोलायला लागल्या आहेत, त्याचं काय?"

तू हसलीस. तुझं मराठी ऐकून मी चाट पडले होते. मी शिकून सवरून पुस्तकी बोलायला लागले होते आणि तू माझ्या आईसारखी बोलत होतीस. पुढे तुझ्याशी बोलताना माझीही जीभ घरची झाली. शाळेत पुस्तकी, तुझ्याजवळ वऱ्हाडी. आता ती घरची बोली मी कोणाशी बोलू? भाजीवाल्याशी बोलते. तो दोन वाक्यांत संपतो.

इंग्रजीचं खूळ आपल्या डोक्यात त्या गोऱ्या इन्स्पेक्ट्रेस बाईंनी घातलं. त्या वर्षातून एकदा मोटारीने यायच्या, दोन्ही शाळा बघायच्या, इंग्रजीत शेरा लिहायच्या आणि जायच्या. शेरा कळायचा नाही. मग मुलांच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे जायचं. ते चष्मा लावून वाचायचे, शेऱ्याचं एक वाक्य आणि स्वतःचा उपदेश दहा वाक्यं. कुठे इन्स्पेक्ट्रेस संपली आणि कुठे हेडमास्तर सुरू झाले ते समजायचं नाही. एका वर्षी तू म्हणालीस, "आपणच वाचू न वं. दोघीयनंबी ट्रेनिंगले असताना एबीसीडी तर शिकली आहे."

त्या शेऱ्यापासूनच आपला वाद सुरू झाला. मी प्रत्येक अक्षराचा उच्चार करत, बोट ठेवत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तो मोठ्याने वाचला. एक अक्षर सोडलं नाही. वाचून झाल्यावर तू विचारलंस, "काय लिवलं?"

"ते कुठे माहीत?"

तू कागद हातात घेतलास, ओठ न हलवता वरून खाली एकदा पाहिलास आणि म्हणालीस, "बाई खुश आहे."

"कशावरून?"

"शिवणाचा लफ्ज दोनदा आला. जिथं आला तिथं अक्षर मोकळं आहे. शेवटी काहीतरी चिडली, पण थोडीच."

मग मी डिक्शनरी घेऊन बसले. दिवेलागणीपर्यंत एकेक शब्द काढला. शिवणकामावर बाई खरंच खूश होत्या. चिडल्या होत्या त्या पिण्याच्या पाण्याच्या माठावर झाकण नव्हतं म्हणून. तू म्हणालीस, "पाह्य, मी काय म्हटलं?" मी म्हटलं, "माठ कुठे म्हटलंस?" म्हणजे तू अर्धी बरोबर होतीस आणि मी पूर्ण बरोबर, पण चार तास उशिरा.

यात आपल्या दोघींचा दोष नव्हता, हे मला फार पुढे समजलं. मी लहानपणापासून पोथी वाचत आले. लहान वयातच विधवा होऊन माहेरी परत आले तेव्हा वडिलांनी पोथी हातात दिली. चातुर्मासात आळीतल्या बायका जमायच्या आणि मी पाटावर बसून वाचायची. पोथी मनात वाचत नाहीत, मोठ्याने वाचतात. जेवढं लिहिलं तेवढं सगळं वाचतात, काना-मात्रा सोडत नाहीत. पान पुढेमागे करत नाहीत. आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. "हूं" आला की पुढची ओवी. हुंकार थांबला तर वाचणारीने मान वर करून बघायचं की बाई झोपली की काय.

तू दोन वाचनं शिकून आली होतीस. मौलवीसाहेबांकडे अरबी, जे गोड सुरात म्हणायचं, अर्थ विचारायचा नाही. आणि घरी उर्दू. उर्दूबद्दल तू एकदा सांगितलंस ते मी कधी विसरले नाही. "आमच्यात नुसती हाडं लिवतात. मांस वाचणाऱ्यानं भरायचं." छोटे स्वर लिहीतच नाहीत म्हणालीस, आकार बघायचा, मागचं पुढचं बघायचं आणि शब्द कोणता ते ओळखायचं. म्हणून तू इंग्रजीतही ओळखतच गेलीस. मला इंग्रजाचा राग यायचा की हा लिहितो एक आणि बोलताना अर्धी अक्षरं गिळतो. तुला त्याचं काहीच वाटायचं नाही. "गिळू दे न त्याले. आपल्याले मतलब पाह्यजे का हर्फ?"

मला दोन्ही पाहिजे होतं. अजूनही पाहिजे.

मग ती खुर्ची आली. बदली होऊन गेलेल्या कोणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात तुझ्या भावाने तुझ्यासाठी वेताची खुर्ची घेतली. तिचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली ठेवायला साहेबाच्या नोकराने एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं. खुर्चीखाली तू वीट लावलीस आणि पुस्तक घेऊन माझ्याकडे आलीस. वरचा पुठ्ठा आणि नावाचं पान गेलेलं, मागचा पुठ्ठा मात्र शाबूत. त्यामुळे त्या पुस्तकाचं नाव आपल्याला कधीच कळलं नाही.

तू ते माझ्यासमोर उघडलंस, ते मागून. तुमची पुस्तकं त्या बाजूने उघडतात, हाताला तीच सवय. मी म्हटलं, "आपा, उलटं धरलंस." तू क्षणभर त्या पानाकडे बघत राहिलीस, मग हसून पुस्तक फिरवलंस आणि माझ्या हातात दिलंस. "तू वाच. मी हूं म्हणते."

असं आपलं वाचन सुरू झालं. शाळा सुटल्यावर माझ्या मागच्या खोलीच्या ओट्यावर. मी पाटावर, तू तुझ्या खुर्चीवर. ती खुर्ची तू माझ्याकडेच आणून ठेवली होतीस, विटेसकट. मी पोथीच्या चालीवर इंग्रजी वाचायची. येणारेजाणारे थबकायचे. पोस्टमनने एकदा विचारलं होतं, "बाई, ही कोन्त्या देवाची पोथी?" तू पटकन म्हणालीस, "खुर्चीच्या."

गोष्ट साधी होती. डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी, आपल्याकडे सातपुड्याखाली असतात तशी. तिथे दोन बहिणी. त्यांची नावं माझ्या तोंडी बसेनात, म्हणून आपण त्यांना मोठी आणि धाकटी म्हणायला लागलो. बाप शेती करतो, आई आजारी असते, घोडा म्हातारा आहे. एवढं समजायला आपल्याला एक उन्हाळा लागला.

घोडा मेला त्या दिवशी आपलं पहिलं मोठं भांडण झालं. तो परिच्छेद संपला, ऊन उतरलं होतं, तू उठायला लागलीस. मी म्हटलं, "बस. इथे थांबता येत नाही."

"काऊन?"

"मरणावर पोथी बंद करत नाहीत. पुढे काहीतरी मंगल येईपर्यंत वाचायचं."

"घोडा मेला वं बाई. घोड्याचं काय सुतक?"

"सुतकाचा प्रश्न नाही. रीत आहे."

तू कपाळाला हात लावलास. "अवं, ही पोथी नाही. आणि हे इंग्रजाचं पुस्तक, त्यात मंगल कुठून येईन? ना लग्न, ना आरती."

पण बसलीस. मी वाचत गेले. पाऊस आला, तो मंगल की नाही यावर आपण बोललो, तर त्यांच्याकडे पाऊस म्हणजे कटकटच दिसत होती. मग धाकटीने भट्टीतून पाव काढला. तू टाळी वाजवलीस. "भाकर निंघाली. ताजी. आता थांब." मी मान्य केलं. चुलीवरून उतरलेलं अन्न हे मंगलच.

त्यानंतर माझ्यापेक्षा तूच मंगल शोधण्यात पटाईत झालीस. कोणाच्या घरी वासरू झालं, कोणी नवा दिवा लावला, तू लगेच म्हणायचीस, "हे घे, झालं तुझं मंगल." पण बाप मेला तेव्हा पंचाईत झाली. पानंच्या पानं नुसता काळोख. बाहेर अंधारून अक्षर दिसेनासं होऊ लागलं, तरी काही सापडेना. शेवटी तू माझ्या खांद्यावरून पाहिलंस आणि एका शब्दावर बोट ठेवलंस. "हे पाह्य. धाकटी हसली."

मला ते खरं वाटेना. डिक्शनरी आणली. हसली नव्हती, उसासा टाकला होता.

"उसासा चालत नाही," मी म्हटलं.

"काऊन नाही? उसासा टाकला म्हणजे जिती आहे न माय ते. मेलेलं माणूस उसासा टाकते का?"

मी पुस्तक मिटलं.

वाचायच्या या दोन रीतींवरून शाळेतही आपलं वाजलं. तू म्हणायचीस, पोरींना मोठ्याने वाचायची सवय लावू नको, तोंड चालू असलं की डोकं बसून राहतं. मी म्हणायची, गप्प वाचणारी पोरगी वाचते की खिडकीतून बघते हे मास्तरणीला कसं कळायचं? तू म्हणायचीस, "तुझ्या पोरी बंद्या रुपयासारख्या खणखणीत वाचतात, अन् विचारलं तर काय वाचलं ते त्यायले माहीत नसते." मी म्हणायची, "तुझ्या पोरींना सगळं माहीत असतं, फक्त ते पुस्तकात लिहिलेलं नसतं." हा वाद मिटला नाही. मिटवायची घाईही नव्हती. आपल्याला वाटायचं, दोघींना पेन्शन होईपर्यंत पुरेल.

तुला ताप आला तो आधी साधाच वाटला. मग उतरेना. डॉक्टर आले, बाटली देऊन गेले. मी शाळा सुटल्यावर तुझ्या भावाच्या घरी यायला लागले, पुस्तक घेऊन. तुझ्या भावजयीने, सकीनाने, तुझ्या खाटेजवळ माझ्यासाठी पाट मांडला. तोपर्यंत पुस्तकातली मोठी बहीण जहाजाने दूर देशी गेली होती आणि घरी आई शेवटच्या दुखण्यात होती. मी वाचायची. तुझा हुंकार बारीक झाला होता, पण यायचा. कधी कधी नुसतं बोट हलायचं. मी तेही धरायची.

त्या दिवशी पुस्तकातली आई मेली. मी थांबले नाही, पुढे वाचत गेले. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आज पुरे."

"मंगल आलं नाही अजून."

"नसू दे. शेवट चांगला आहे. मले माहीत आहे."

मी पुस्तकातून मान वर केली. "तुला कसं माहीत?"

"पह्यल्याच दिवशी. हात तिकडूनच उघडते न माहा. ते पान समोर आलं, मी काय करू? नजर गेली." मग म्हणालीस, "सांगू?"

"नको."

"दोघी भेटतात."

"आपा, नको म्हटलं ना!"

"एका जागी बसल्या आहेत दोघी. शेवटी दोघीच."

मला राग आला. खरा राग आला. दोन वर्षं मी एकेक अक्षर सोडवत आले होते आणि तू एका वाक्यात सगळं ओतून मोकळी झालीस. मी म्हटलं, "शेवट आधी सांगून पोथी वाचतात का?" तू म्हणालीस, "मी सांगितल्यावर तू वाचायचं सोडशीन काय? तू नाही सोडत. तू हर्फ न हर्फ वाचशीन." आणि हसलीस, म्हणजे ओठ थोडे हलले. मी पुस्तक तुझ्या उशाशी ठेवलं, उद्या येते म्हटलं आणि निघाले.

उद्या आलेच होते. परवाही. पण तुझा ताप चढला होता आणि तू आम्हाला कोणालाच ओळखत नव्हतीस. वाचन झालं नाही. मरणाच्या पानावर पुस्तक बंद राहिलं, त्यामुळे असं झालं, असं कोणी म्हणेल. मी म्हणत नाही. ताप पुस्तकाचं पान बघून चढत नाही. रीत रीतीच्या जागी, टायफॉइड टायफॉइडच्या जागी.

तुला नेल्यानंतर तुझ्या घरी बायका वाचायला बसल्या तेव्हा मी होते. ते मी पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या ग्रंथाचे तीस भाग बायकांनी वाटून घेतले आणि सगळ्या एकाच वेळी, आपापल्या भागावर, पुटपुटत वाचायला लागल्या. कोणी सुरुवात वाचते आहे, कोणी मधलं, कोणी शेवट, सगळं एका खोलीत, एका वेळी. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मला तुझ्या हाताची सवय, तुझी नजर, तुझं ते वरून खाली एकदा बघणं, सगळं समजल्यासारखं झालं. ज्या घरात ग्रंथ असाही पुरा करतात, तिथली मुलगी पानाची रांग कशाला धरून बसेल?

ज्यांना वाचता येत नव्हतं त्या म्हाताऱ्यांपुढे खजुराच्या बियांचा ढीग होता. एकेक बी उचलायची, दुवा म्हणायची, बाजूला ठेवायची. सकीनाने माझ्याकडे पाहिलं, बियांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमी नुसत्या बसा." मी हेडमास्तरीण. त्या खोलीत एकट्या मलाच काही येत नव्हतं. मी नुसती बसले.

निघताना सकीनाने पुस्तक दिलं. "आपाच्या उशाशी होतं."

ते मी आठ-पंधरा दिवस फळीवर ठेवलं. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. अर्धं काम फळीवर ठेवून मला झोप लागत नाही. एका संध्याकाळी ओट्यावर बसले. तुझी खुर्ची समोर, वीट तशीच. आई मेल्याच्या पानापासून पुढे वाचायला घेतलं, मोठ्याने, चालीवर. पहिलं वाक्य झालं आणि मी थांबले. हुंकार आला नाही. येणार नव्हता हे मला समजत होतं, पण गळ्याला समजत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, हूं आल्याशिवाय पुढची ओळ निघेना. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबले. पोस्टमन दारावरून गेला.

मग मी तोंड मिटलं आणि नुसत्या डोळ्यांनी वाचलं.

आपा, तू म्हणत होतीस ते खरं आहे. तोंड बंद असलं की समजतं. डिक्शनरी पाटाखाली होती, मी ती काढली नाही. शब्द अडला की पुढे गेले, मागचं पुढचं पाहिलं, ओळखलं. पानंच्या पानं झाली. दोन वर्षांत जेवढं वाचलं नव्हतं तेवढं त्या आठवड्यात वाचलं. एवढा मोठा वाद तू जिंकलीस, आणि ते सांगायला शेजारी माणूस नाही. गप्प वाचायचं शिकले ते असं.

शाळेतही एक दिवस मुलींना धडा मनात वाचायला सांगितला. वर्ग इतका शांत झाला की शिपाई डोकावला. "बाई, सुट्टी झाली काय?" मुली हसल्या. मी धडा बंद करायला लावून प्रश्न विचारले. बऱ्याच जणींना आले. दोघी-तिघींनी धड्यात नसलेलंच सांगितलं, आत्मविश्वासाने. मला तुझी फार आठवण झाली.

आता पुस्तकाचा शेवट.

मोठी जहाजाने परत येते. धाकटीला भेटते. तिथवर तू सांगितलंस तसंच. पण परत येते ती खोकला घेऊन, आणि शेवटच्या आधीच्या प्रकरणात जाते. शेवटचं पान मी नेहमीसारखं वाचलं, एकेक अक्षर, डिक्शनरी काढून. त्या पानावर पुन्हा मला माझ्याच पद्धतीचा भरवसा हवा होता. गावामागच्या टेकडीवर, त्यांच्या देवळाच्या मागे, धाकटी मोठीच्या कबरीच्या दगडाजवळ बसली आहे. मांडीवर विणकाम आहे. ती मोठीला गावातल्या बातम्या सांगते आहे, कोणाची गाय व्यायली, कोणाचं छप्पर उडालं. आणि पुस्तक संपतं.

दोघी एका जागी. शेवटी दोघीच. तुझा शब्द न शब्द खरा आहे. फक्त एक वर आहे आणि एक खाली.

तेव्हापासून मी विचारते आहे: तू चुकलीस, की मला फसवलंस? पहिल्या दिवशी तू ते पान क्षणभर पाहिलंस. तेव्हा आपल्याला इंग्रजी येतच कितीसं होतं? दोघींची नावं, बसल्याचा शब्द आणि बोलण्याचा शब्द तुझ्या नजरेने उचलला असेल, बाकीचं मांस तू तुझ्या पदरचं भरलं असशील. उसाशाचं हसू केलंस तसं. हे शक्य आहे. पण त्यानंतर दोन वर्षं पुस्तक आपल्यामधे होतं. मी पाणी आणायला आत गेले की ते तुझ्या हाताशी असायचं, आणि तुझा हात मागूनच उघडायचा. आजारपणात तर ते उशाशीच होतं. तू पुन्हा कधी ते पान पाहिलंच नसशील, यावर माझा विश्वास बसत नाही. आणि पाहून, समजून, त्या खाटेवरून मला "शेवट चांगला आहे" म्हणाली असशील, तर ते तू कोणासाठी म्हणालीस, पुस्तकातल्या धाकटीसाठी की माझ्यासाठी? तू सांगितल्यावर मी चिडले नसते, कशावरून म्हणतेस असं विचारलं असतं, तर कदाचित तू सांगितलंही असतंस. विचारायचं राहिलं. आता हा वाद माझ्या एकटीच्या अंगावर आहे, आणि एकटीला दोन्ही बाजू मांडता येत नाहीत. तुझी बाजू मांडायला लागले की माझ्याच आवाजात येते.

राहिली रीत. पुस्तक मरणावर संपलं. पुढे पान नाही, फक्त तो शाबूत पुठ्ठा. मंगल कुठून आणू? मग आठवलं की याचीही सोय पोथीत आहे. पारायण संपलं की पोथी बांधून ठेवायच्या आधी पहिला अध्याय पुन्हा वाचतात. वाचन संपलं असं कधी होऊ देत नाहीत. वडील म्हणायचे, शेवटाला एकटं सोडायचं नाही.

म्हणून मी पहिल्या पानावर आले. ते आपण वाचलं तेव्हा मला त्यातलं निम्मंसुद्धा समजलं नव्हतं. आता समजलं. ऊन पडलं आहे, ओढा आहे, धाकटीचा एक बूट पाण्यात वाहून गेला आहे आणि दोघी त्याच्याकडे बघून हसताहेत. हसताहेतच, आपा. शब्द काढून पाहिला.

पुस्तक हातात तसंच धरून मी ते फिरवलं. तुझ्या हाताने उघडलं तर हे तुझं शेवटचं पान. दगडापासून सुरुवात, आणि शेवट हा. मग तू चुकलीही नव्हतीस आणि फसवलंही नव्हतंस. मला हे पूर्ण पटलेलं नाही. तू असतीस तर मी भांडले असते. पण आज इथे थांबते, रीतीने थांबता येईल अशी जागा आहे. मोठ्याने वाचते, तू तिकडून हूं म्हण किंवा म्हणू नको.

ओढ्यात पाय सोडून दोघी एका जागी बसल्या आहेत.